पडलेल्या राजाला वारा

भांदक नावाच्या स्टेशनावर उतरायचं आणि भद्रावती नावाच्या गावात शिरायचं, ही गंमत वर्धा-बल्लारशा रेल्वेमार्गावर अजून चालते. दोन्ही नावं एकाच गावाची. चंद्रपूर इथून पंचवीसेक किलोमीटर. आसपास कोळशाच्या खाणी, एका अंगाला आयुध निर्माणी, आणि मधे हे जुनंपुराणं गाव. विजासनच्या टेकडीत बोगद्यासारखी लेणी आहेत. तीन वाटांच्या तीन टोकांना अंधारात बुद्ध बसलेले. पार्श्वनाथाचं जैन तीर्थ आहे. भद्रनागाचं देऊळ आहे, नागपंचमीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे, त्या राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचा ताम्रपट इथलाच. त्यावर शके ६९४, म्हणजे इसवी सन ७७२.

पण गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, बाबाजी, गाव किती जुनं? तो ताम्रपटाचं नाव काढणार नाही. तो घोड्याची गोष्ट सांगेल.

गोष्ट अशी. महाभारताचं युद्ध संपलं आहे. युधिष्ठिर राजा झाला, पण त्याला झोप नाही. आपलीच माणसं मारून मिळवलेलं राज्य घशाखाली उतरत नाही. व्यास त्याला अश्वमेध करायला सांगतात. त्यासाठी घोडा हवा, आणि तो कुठलाही चालत नाही. पांढराशुभ्र आणि काळ्या कानाचा, म्हणजे श्यामकर्ण हवा. असा घोडा एकाच राजाकडे आहे. राजाचं नाव यौवनाश्व, नगरीचं नाव भद्रावती.

घोडा आणायला तिघे निघतात. भीम, त्याचा नातू मेघवर्ण (घटोत्कचाचा मुलगा), आणि वृषकेतू नावाचा एक कोवळा पोरगा. भद्रावतीच्या तळ्यावर घोड्याला पाणी पाजायला आणतात, भोवती सैन्याचा गराडा. मेघवर्ण मायेच्या जोरावर घोडा उचलतो आणि आकाशात नाहीसा होतो. मग हलकल्लोळ. यौवनाश्व स्वतः रणात येतो, त्याचा मुलगा सुवेग येतो. भीमाची गाठ सुवेगाशी पडते आणि राजासमोर उभा राहतो तो वृषकेतू.

हे तळं कोणतं, ते गावात कुणीही बोट करून दाखवेल. मात्र दोन माणसं दोन तळी दाखवण्याची शक्यता आहे. या भागात तळ्यांना तोटा नाही. बोड्या, तलाव, खाचरं, सगळीकडे पाणीच पाणी. कर्नाटकातही भद्रावती नावाचं एक गाव आहे, ही गोष्ट इथे काढू नका. मी एकदा काढली होती, आणि चहा गार झाला.

लढाईत आधी वृषकेतू बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो, पुन्हा धनुष्य उचलतो, आणि या वेळी राजा पडतो. यौवनाश्व मूर्च्छित होऊन भुईवर आहे. रथ आहे, शस्त्रं आहेत, शत्रू पायाशी आहे. आणि हा पोरगा काय करतो? तो आपल्या अंगावरचं वस्त्र काढतो, राजाजवळ बसतो आणि पदराने त्याला वारा घालू लागतो. राजा डोळे उघडतो, तर ज्याने पाडलं तोच वारा घालतोय. यौवनाश्वाचा सगळा आवेश तिथेच ओसरतो. तो या मुलाला पोटाशी धरतो, पाहुण्यांना नगरीत नेतो, घोडा देतो, आणि पुढे कुटुंबकबिल्यासह हस्तिनापूरला जातो.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला मेघवर्णाचंच कौतुक होतं. घोडा घेऊन आकाशात उडणारा माणूस कुणाला नको? वारा घालणारा पोरगा मनात शिरला तो फार उशिरा, त्याच्या बापाचं नाव नीट लक्षात आल्यावर.

वृषकेतू कर्णाचा मुलगा.

आता गोष्ट पुन्हा वाचा. कर्ण कसा मेला, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. सतराव्या दिवशी रथाचं चाक जमिनीत रुतलं, तो खाली उतरून चाक उपसत होता, थांब म्हणत होता, धर्मयुद्धाचे नियम आठवून देत होता. आणि कृष्ण त्याला उलट विचारत होता की द्रौपदीच्या वेळी, अभिमन्यूच्या वेळी हा धर्म कुठे गेला होता. मग अर्जुनाचा बाण सुटला. युद्धाच्या आधी दोन्ही पक्षांनी मिळून नियम ठरवले होते: रथीने रथीशी लढायचं, पाठ फिरवलेल्याला मारायचं नाही, निःशस्त्राला मारायचं नाही, सारथ्याला आणि शंख-दुंदुभी वाजवणाऱ्याला हात लावायचा नाही. अठरा दिवसांत त्यातला एकही धड राहिला नाही. ज्याच्या बापाला खाली उतरलेला असताना मारलं, तो मुलगा खाली पडलेल्या शत्रूशेजारी बसून वारा घालतोय. तोही ज्यांनी बापाला मारलं त्यांच्याच यज्ञासाठी, त्यांच्याच बाजूने लढताना. मोहिमेवर निघण्याआधी युधिष्ठिराला या मुलाच्या तोंडाकडे बघवत नाही, असंही कथेत आहे. का बघवत नसेल, हे कथाकार फोडून सांगत बसत नाही. त्याची गरजही नाही.

आणि आता खरी नवलाची गोष्ट. व्यासांच्या महाभारतात वृषकेतू नाहीच. भद्रावतीही नाही, यौवनाश्वाचा घोडाही नाही. हे सगळं येतं ते जैमिनी अश्वमेध नावाच्या वेगळ्या ग्रंथातून. मराठीत तो नाझऱ्याच्या श्रीधराने ओवीबद्ध केला. हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत लिहिणारा हाच तो श्रीधर. १७२९ साली वारला. चातुर्मासात पोथी लावायची पद्धत ज्या घरांत होती, तिथे जैमिनी अश्वमेधही लागायचा. गावात एकाने वाचायचं, दहाजणांनी ऐकायचं, आणि भद्रावतीचा अध्याय आला की या भागातल्या श्रोत्यांनी जरा सरसावून बसायचं.

म्हणजे कुणा एका कथाकाराने मूळ महाभारताकडे पाहिलं आणि त्याला त्यात एक भेग दिसली. युद्ध जिंकलं गेलं होतं, पण नियम मोडून. त्याची भरपाई कुठे झालेली नव्हती. त्याने कर्णाला एक मुलगा दिला, त्याला भद्रावतीला पाठवलं, आणि बापाच्या बाबतीत जे घडलं नाही ते मुलाच्या हातून घडवलं. इतिहासात किंवा पुराणात जी माणसं होऊन गेली त्यांना हात न लावता, त्यांच्यामधल्या फटीत एक नवं माणूस बसवायचं आणि त्याच्याकडून राहून गेलेली गोष्ट करून घ्यायची. ऐतिहासिक कादंबरीकाराचा धंदा दुसरा काय असतो? माझ्या मते वृषकेतू हा आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीच्या नायकांचा खापरपणजोबा आहे. पात्र कल्पित, प्रश्न खरा.

व्यासांनाही हा प्रश्न टोचत होता, हे मात्र सांगायला हवं. त्यांच्या अश्वमेधाच्या पर्वात घोड्यामागे अर्जुन निघतो तेव्हा युधिष्ठिर त्याला बजावतो की राजांना मारू नकोस. ज्यांचे बाप-भाऊ कुरुक्षेत्रावर गेले त्यांना यज्ञाला बोलाव. सिंधुदेशात लढाई पेटते तेव्हा दुःशला, म्हणजे कौरवांची बहीण आणि जयद्रथाची विधवा, तान्ह्या नातवाला घेऊन रणात येते. अर्जुन धनुष्य खाली टाकतो. तेवढ्याने लढाई थांबते. जैमिनीच्या कथाकाराने या ओलाव्याचंच पुढे झाड केलं.

या झाडाच्या फांद्या कुठवर पोचल्या ते पाहा. अकबराने महाभारत फारसीत करवून घेतलं, रज्मनामा त्याचं नाव. अश्वमेधाच्या पर्वाला येऊन भाषांतरकारांनी व्यासांची वाट सोडली आणि जैमिनीची धरली. गोष्ट म्हणून ती सरस आहेच. १५९८ साली तयार झालेल्या एका सचित्र प्रतीचा शेवटचा भाग, चौदाव्या पर्वापासून अठराव्यापर्यंतचा, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्हणजे भद्रावतीचा घोडा मोगली दरबारात फारसी बोलून आला. आमच्या भांदक स्टेशनावर सगळ्या गाड्या थांबत नाहीत, पण घोडा आग्र्या-लाहोराकडे जाऊन लंडनला पोचला.

घोड्यावरून आठवलं. युरोपात ज्याला शिव्हॅल्री म्हणतात, तो शब्द फ्रेंच शेव्हालवरून आला, आणि शेव्हाल म्हणजे घोडा. सरदार म्हणजे घोडा बाळगणारा, आणि घोडा बाळगणाऱ्याने कसं वागायचं त्याची रीत म्हणजे शिव्हॅल्री. मराठीत या एका शब्दाला एक शब्द नाही. शौर्य म्हटलं तर दया निसटते, दया म्हटली तर तलवार. धर्मयुद्ध म्हटलं तर पोथीचा वास येतो. पण बोलताना आपण एक शब्द सहज वापरतो: उमदा. उमदा माणूस, आणि उमदा घोडा. दोघांना एकच विशेषण लावणारी भाषा शिव्हॅल्रीच्या फार जवळ उभी आहे. पाणीदार हाही तसलाच शब्द. तो डोळ्यांना, तलवारीला आणि जनावराला सारखाच चालतो. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, आणि शिलेदाराचा मान मोठा. आपल्याकडेही इभ्रतीला चार पाय होते.

हा घोडा कादंबरीत आणून बांधला तो स्कॉटलंडच्या वॉल्टर स्कॉटने. त्याची ‘आयव्हानहो’ १८१९ च्या अखेरीस बाजारात आली. नायक विल्फ्रेड आयव्हानहो कल्पित, त्याच्या बाजूला वेषांतर करून फिरणारा इंग्लंडचा रिचर्ड राजा खरा. वृषकेतूची युक्तीच. पण मला स्कॉटची दुसरी कादंबरी जास्त भद्रावतीची वाटते. ‘द टॅलिस्मन’, १८२५ ची. पॅलेस्टाइनच्या धर्मयुद्धात रिचर्ड तापाने फणफणलेला आहे, छावणीत सगळ्यांनी आशा सोडली आहे. शत्रूकडचा सुलतान सलाउद्दीन हकीम पाठवतो, हकीम राजाला बरा करतो, आणि शेवटी कळतं की तो हकीम म्हणजे वेषांतर केलेला सलाउद्दीनच. पडलेल्या राजाला वारा घालणारा शत्रू!

हकिमाचं सोंग ही स्कॉटची कल्पना. पण तिच्याखालचा आधार खरा आहे. ११९२ च्या उन्हाळ्यात जाफाजवळ रिचर्ड खरोखर आजारी पडला, त्याला फळांची आणि बर्फाची तहान लागली, आणि सलाउद्दीनने दोन्ही पाठवलं. सलाउद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने हे लिहून ठेवलं आहे. डोंगरावरचा बर्फ वितळायच्या आत शत्रूच्या तंबूत पोचवायचा, ही काय नजाकत आहे! आणि त्याच रिचर्डने आदल्याच वर्षी, ऑगस्ट ११९१ मध्ये, एकर शहराबाहेर सुमारे २,७०० बंदिवानांची कत्तल करवली होती, हेही तितकंच खरं. स्कॉटने फळं ठेवली आणि बंदिवान बाजूला सारले असं म्हणायचा मोह होतो. पण स्कॉट इतका भोळा नाही. ‘आयव्हानहो’मध्ये त्याने एका मुलीला बोलायला लावलं आहे.

तिचं नाव रिबेका. ज्यू आहे, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडात दाराबाहेरची. औषधोपचारात हुशार. जखमी आयव्हानहो खाटेवर पडला आहे, बाहेर गढीवर हल्ला चालू आहे, आणि खिडकीत उभी राहून ती त्याला काय दिसतंय ते सांगते आहे. तो तळमळतो आहे, मी तिथे नाही म्हणून. तेव्हा ती त्याला विचारते की या सगळ्या रक्तातून, कष्टातून शेवटी तुमच्या हाती काय उरतं? तो म्हणतो, कीर्ती. ती म्हणते, म्हणजे थडग्यावरची गंजलेली चिलखतं आणि पुसट झालेली अक्षरं. आयव्हानहो चिडतो, तुला हे कळणार नाही म्हणतो. शिव्हॅल्रीची सगळ्यांत गाजलेली कादंबरी, आणि तिच्या मधोमध शिव्हॅल्रीला घाम फोडणारा हा प्रश्न. तो कुणी विचारावा, तर जखमा बांधणाऱ्या मुलीने.

याचं उत्तर पुस्तकाबाहेर चाळीस वर्षांनी आलं. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोला लढाई झाली. आंरी द्युनां नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी वेगळ्याच कामासाठी तिथे गेला होता. हजारो जखमी मैदानात तसेच पडले होते. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांनी पाणी आणि चिंध्या घेऊन कोण आपला कोण परका न बघता शुश्रूषा सुरू केली, आणि द्युनां त्यांच्यात सामील झाला. १८६२ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, १८६३ मध्ये रेडक्रॉसची सुरुवात झाली, आणि ऑगस्ट १८६४ मध्ये जिनिव्हात दहा कलमांचा करार झाला. त्यातलं सहावं कलम सांगतं की जखमी आणि आजारी सैनिक कोणत्याही देशाचा असो, त्याला उचलून आणायचं आणि त्याच्यावर उपचार करायचे. वृषकेतूचा पदर आता कलम सहा झाला होता.

मात्र त्यासाठी शत्रू समोर पडलेला दिसावा लागतो. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत दारूगोळा तयार होतो. तोफेचा गोळा कित्येक किलोमीटर पलीकडे जाऊन पडतो. तो सोडणाऱ्याला कुणाचा चेहरा दिसत नाही, कुणाची मूर्च्छा दिसत नाही. निर्माणीतल्या माणसांचा यात काही दोष नाही, ते देशाचं काम करतात. पण एकाच गावात वारा घालण्याची गोष्ट आणि लांबून मारण्याचा कारखाना असावा, याचं मला दर वेळी नवल वाटतं. करार, कलमं, लाल क्रॉसचं निशाण, ही सगळी खटपट कशासाठी? वृषकेतूला जे डोळ्यांनी दिसलं ते न दिसणाऱ्यालाही करायला लावण्यासाठीच.

इथून पंचवीस किलोमीटरवर या गोष्टीची दुसरी बाजू दगडात आहे. चंद्रपूरच्या गोंड राजघराण्यात बीरशाह राजा होऊन गेला, अठराव्या शतकाच्या उंबऱ्यावर. त्याची मुलगी देवगडच्या दुर्गपालाला दिली होती. दुर्गपालाने तिचा अपमान केला. बीरशाहाने महाकालीपुढे शपथ घेतली की त्याचं शिर तुला वाहीन. लढाई झाली, दुर्गपाल मारला गेला आणि शिर आलं. देवळाच्या माथ्यावर देवगडच्या दिशेने तोंड केलेलं दगडी मस्तक त्याचंच, असं सांगतात. ही कथा १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या इंग्रजी जमाबंदी अहवालात मेजर ल्यूसी स्मिथने नोंदवून ठेवली आहे.

मुलीच्या अपमानाचा सूड ही सरंजामी इभ्रतीतली अगदी बावनकशी गोष्ट. बापाचं काळीज समजतं. पण चंद्रपुरात बीरशाहाची खरी आठवण त्या मस्तकामुळे टिकली असं मला वाटत नाही. ती टिकली राणी हिराईमुळे. बीरशाह स्वतः दगाफटक्याने मारला गेला, त्याच्याच पदरच्या माणसाकडून. त्याच्या मागे हिराईने राज्य सांभाळलं, महाकालीचं देऊळ बांधलं, आणि नवऱ्याची देखणी समाधी अचलेश्वराच्या देवळाजवळ उभी केली. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक लोटतात. त्यातले किती जण वर मान करून ते मस्तक शोधत असतील? देवीपुढे नारळ फोडून मंडळी आपली झरपटच्या पात्रात उतरतात.

आता मराठी कादंबरीकडे. पहिली ऐतिहासिक मराठी कादंबरी म्हणजे रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’, १८७१. पण हा प्रकार ज्यांनी घराघरांत नेला ते हरि नारायण आपटे, १८६४ ते १९१९. १८९० पासून ते ‘करमणूक’ हे साप्ताहिक चालवत होते आणि त्यात कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने येत. म्हैसूरचा टिपू, विजयनगरचा पाडाव, चंद्रगुप्त, शिवकाल, सगळीकडे हात घातला. त्यांतली ‘गड आला पण सिंह गेला’ १९०३-०४ ची. सिंहगडच्या लढाईची.

त्या लढाईची तारीख ४ फेब्रुवारी १६७०. किल्लेदार उदेभान राठोड, म्हणजे मोगलांच्या चाकरीतला राजपूत. चढून जाणारा तानाजी मालुसरे. दोघेही पडले, गड मराठ्यांचा झाला. आपट्यांनी या दोन खऱ्या माणसांच्या मधल्या फटीत एक कल्पित स्त्री बसवली: कमलकुमारी. राजपूत विधवा, सती जायला निघालेली. उदेभानू तिला पळवून कोंढाण्यावर आणतो आणि तिच्याशी बळजबरीने लग्न लावायच्या बेतात असतो. त्याच रात्री तानाजी कडा चढतो. बघता बघता लढाई एका किल्ल्याची न राहता एका स्त्रीच्या अब्रूची झाली. युक्ती स्कॉटची, आणि तिचा हिशेब अचूक. १९२३ मध्ये बाबूराव पेंटरांनी तिच्यावर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांनी बोलपट. शंभर वर्षं महाराष्ट्राने ती लढाई आपट्यांच्या डोळ्यांनी पाहिली.

मी आपट्यांचा चाहता आहे, तरी इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. तानाजी मोठा करायला उदेभानाला राक्षस करायची गरज नव्हती. कल्पित पात्र खऱ्या इतिहासाच्या फटीत बसवताना बाजूच्या खऱ्या माणसाची हाडं मोडू नयेत. उदेभानाने कुठल्या विधवेला पळवलं होतं याला इतिहासात काडीचा आधार नाही. एक किल्लेदार आपल्या धन्याचा किल्ला राखताना, रात्री अवचित आलेल्या हल्ल्यात, शेवटपर्यंत लढून मेला, एवढंच त्याच्याबद्दल खात्रीने म्हणता येतं. ते कमी आहे का?

सभासदाला ते कमी वाटलं नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. लढाईला तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. तो मराठ्यांच्या बाजूचा, दरबारी माणूस. तरी तो तानाजी आणि उदेभान दोघांनाही सारख्याच तोलाचे योद्धे म्हणतो, दोघांची झुंज सांगतो आणि दोघेही पडले म्हणतो. एकही शिवी नाही. तानाजीमागे त्याचा भाऊ सूर्याजी लोकांना सावरतो. आणि बातमी ऐकल्यावर महाराजांच्या तोंडी जे वाक्य येतं त्यात सिंह नाही. त्यात तानाजीच एक गड आहे: एक आला, एक गेला. कोंढाण्याला सिंहगड हे नाव या लढाईच्या आधीपासून होतं, १६६३ च्या पत्रात ते सापडतं. म्हणजे तानाजीवरून गडाला नाव पडलं नाही.

शत्रूला उमदं म्हणायला शत्रूच लागतो, असंही नाही. पण तो म्हणाला की वजन पडतं. मोगलांचा इतिहास लिहिणारा खाफीखान शिवाजी महाराजांना मनसोक्त शिव्या देतो. त्याच खाफीखानाने लिहून ठेवलं आहे की लुटीत मशिदीला, कुराणाला आणि कुणाच्याही बायकांना हात लावायचा नाही असा त्यांचा सक्त नियम होता. महाराजांच्या सभ्यतेच्या अनेक गोष्टी कादंबऱ्यांत, नाटकांत, शाळेच्या पुस्तकांत रंगवून सांगितल्या गेल्या. त्या सगळ्यांपेक्षा हा एक कडवट साक्षीदार मला मोठा वाटतो. ज्याला बरं बोलायचं नव्हतं तो बरं बोलून गेला.

आणि म्हणून मला पुन्हा भद्रावतीचा तो अध्याय आठवतो. यौवनाश्वाला तिथे कुणी राक्षस केलेलं नाही. तो चांगला राजा आहे, घोडा त्याचा आहे, तळं त्याचं आहे. चोरी तर पांडवांनी केली आहे! वृषकेतूचा मोठेपणा दाखवायला कथाकाराला समोरच्याला काळं फासावं लागलं नाही. उलट राजा जितका चांगला, तितका तो वारा मोलाचा. जैमिनीच्या अज्ञात कथाकाराला जे साधलं ते नंतरच्या कित्येक मोठ्या कादंबरीकारांना साधलं नाही, असं म्हणायला मी तयार आहे. याच वृषकेतूचं पुढे मणिपुरात बभ्रुवाहनाकडून शिर उडतं, अर्जुन त्याच्यासाठी ऊर फोडून रडतो, आणि एका दैवी मण्याच्या प्रभावाने तो पुन्हा उठतो. ज्याने बापाला मारलं तोच मुलासाठी रडतो, हा भाग पोथीत आला की ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या.

भद्रावतीला आलात तर विजासनला जा, भद्रनागाला जा, आणि संध्याकाळी तळ्याच्या काठाने एक फेरी मारा. घरी परतल्यावर आपट्यांची कादंबरी काढा, आणि तिच्याशेजारी सभासदाची बखर ठेवा. कादंबरीला चार-पाच दिवस लागतील. सभासदाचा सिंहगड एवढासा आहे. चुलीवरचा चहा उकळेस्तोवर वाचून होतो.